भेरे मामांचा हाफटाइम

भेरे मामांना पूर्ण जागं असलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. वाशिंदच्या एका कारखान्यात त्यांची फिरती पाळी. रात्रपाळी सुटली की माणूस घरी जातो, हे मामा सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. ते तसेच खाकी शर्टात स्कूटरला किक मारायचे, मागे खताच्या गोणीत हॉकी स्टिका बांधलेल्या, आणि कुठल्यातरी गावच्या भातखाचरात हजर व्हायचे. मग झोप गाठेल तिथे गाठायची. बांधावर, आंब्याच्या मुळावर, उभ्या स्कूटरवर. कुणी पुढारी भाषणाला उभा राहिला तर हमखास.

"कसे आहात मामा?" विचारलं की उत्तर ठरलेलं. "दमलोय. चला."

दमलोय म्हणायचं आणि कामाला लागायचं, ही त्यांची रीत. आमच्या शिक्षकांच्या खोलीत दमलोय म्हणून लोक बसून घेतात, त्यामुळे पहिल्याच भेटीत हे माझ्या लक्षात राहिलं.

मी मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या बाजूला एका शाळेत खेळाची बाई. म्हणजे नेमणूक खेळाची; बाकी मतदार याद्या, खिचडीची चव, कोण कुठल्या शौचालयाला जातो याची पाहणी, सगळं माझ्याच गळ्यात. एका दुपारी मामा शाळेत आले, माझ्यासमोरच्या बाकावर पोरासारखे बसले आणि म्हणाले, "बाई, मुरबाडची टीम तुमी उभी करा."

"कसली टीम?"

"हॉकीची."

"मामा, मला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही."

"कोनाला कळतंय? पोरांना न्यायला-आणायला मोठा मानूस लागतो. तुमी नुसत्या उभ्या ऱ्हा."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर समोर मामांची मान खाली. झोपलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? ती माझी अनेक वर्षांची पीडा तिथे सुरू झाली. आजही कुणी हॉकी म्हटलं की माझ्या पोटऱ्या दुखतात.

ही लीग म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण तालुक्याबाहेर कुणाला सांगितलं तर लोक माझ्याकडे संशयाने बघतात. शहापूर आणि मुरबाड, दोन तालुके. शहापूर, वाशिंद, किन्हवली, डोळखांब, मुरबाड, टोकावडे, असे संघ. पोरं सोळाच्या आतली. मैदान एकाकडेही नाही. म्हणून भात कापून झालं की रिकामं खाचर मागून घ्यायचं, धसकटं खुरप्याने काढायची, जमीन चोपून शेणाने सारवायची, खळं करतात तशी. चुलीतल्या राखेने रेघा मारायच्या. दोन-दोन बांबू रोवले की गोल झाला. टेनिसचा चेंडू, आणि स्टिका मामांच्या गोणीतल्या, नाहीतर जंगलातून शोधून आणलेल्या वाकड्या फांद्यांच्या. संघात सातच जण, कारण त्याहून जास्त खाचरात मावत नाहीत.

आणि चारी बाजूंना बांध. चेंडू बांधाला आपटून परत आला तर खेळ चालू, बांधावरून पलीकडे गेला तरच बाहेर. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, मामांचा आहे. शेजारच्या खाचरात कुणाचं भात अजून उभं असायचं, पोरं चेंडूमागे त्यात शिरायची आणि मालक त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, म्हणून मामांनी तो काढला. पण पोरांनी त्या बांधाचं जे काय केलं! समोर दोघं आडवे आले की चेंडू तिरका बांधावर मारायचा, आपण त्यांना वळसा घालून पळायचं आणि परत आलेला चेंडू पलीकडे घ्यायचा. डोळखांबची पोरं यात तर पटाईत. कुठल्या बांधाची माती ओली, कुठे गवत जास्त, कुठून चेंडू मेल्यासारखा परत येईल, सगळं त्यांना खेळ सुरू व्हायच्या आधी ठाऊक.

मामा पंच होते, चिटणीस होते, रेघा मारणारेही होते. शिट्टी कायम तोंडात. त्याचाच एकदा घोळ झाला.

वाशिंद आणि मुरबाडची मॅच. ऊन चढलेलं, मामा रात्रपाळीहून आलेले. बांधाला टेकून उभे होते आणि उभ्याउभ्याच गेले. आमचा एक पोरगा चेंडू घेऊन एकटा गोलासमोर पोचला, आणि नेमकी शिट्टी वाजली. बारीक, पण वाजली. पोरगा शहाण्यासारखा थांबला. वाशिंदच्या पोराने चेंडू उचलून न थांबता पलीकडे नेला आणि गोल केला. मी बोंब ठोकली. वाशिंदचे मॅनेजर माझ्या वरताण. तेवढ्यात सगळ्यांच्या लक्षात आलं, शिट्टी अजून वाजतेय. थांबून थांबून, श्वासाबरोबर. मामा घोरत होते.

हलवून उठवलं. "काय झाला?" म्हणाले. दोन्ही बाजूंनी एकदमच सांगितलं. मामांनी डोळे चोळले आणि निकाल दिला, "मी झोपलो होतो, म्हंजे पंच मैदानात नव्हता. पंच नाय तर म्याच नाय. मधल्या रेघेपासून परत."

"अहो, पण आमचा हक्काचा गोल!" मी म्हणाले.

"बाई, झोपेतल्या मानसाचा काय धरता तुमी?"

त्या मॅचमध्ये आम्ही हरलो. महिनाभर मी मामांचा फोन उचलला नाही. पोरं मात्र शाळेत कुणी डुलकी काढली की तोंडाने बारीक शिट्टी वाजवायची. मुख्याध्यापक मीटिंगमध्ये पेंगले तेव्हाही वाजवली, आणि बोलणी मी खाल्ली.

मामा स्वतः कसे खेळायचे, हे फार थोड्यांना माहीत होतं. तरुणपणी कारखान्याच्या हॉकी टीममध्ये डाव्या बाजूला खेळायचे, त्या खेळावरच नोकरी लागलेली. पुढे कंपनीने टीम मोडली. खेळाडू पाळ्यांमध्ये विखुरले. "कंपनीनं हॉकी बंद केली, मला नाय केला," एवढंच ते त्याबद्दल बोलायचे. गोणीतल्या जुन्या स्टिका तेव्हाच्या. मोडकळीला आलेल्या, कापून बुटक्या केलेल्या. त्यांना कुणी पाय लावला तर मात्र मामा खडबडून जागे व्हायचे.

मामी वाशिंदला, स्टेशनमागच्या चाळीत. एकदा मी घरी गेले तर म्हणाल्या, "बाई, तुमच्या खाचरात झोपतात, ते घरात झोपले असते तर निदान मला चेहरा तरी दिसला असता." मामा आतून म्हणाले, "झोपल्यावर काय चेहरा बघायचा?" मामी म्हणाल्या, "जागा मिळतोय कुठं?" भांडण नव्हतं ते. दोघंही दमलेली होती, एवढंच.

एका वर्षी मामांच्या डोक्यात आलं की पोरांना मोठ्या स्पर्धेला न्यायचं. सगळ्या संघांतून निवडून एक संघ केला, बहुतेक डोळखांबचा आणि थोडा आमचा. टेम्पो करून शहराकडे गेलो. हिरवंगार, सपाट मैदान. पोरांनी आधी खाली बसून हातच फिरवून पाहिला. एकाने विचारलं, "मामा, ह्याला पानी कोन देतो?"

शिट्टी झाली आणि पहिल्याच मिनिटाला आमच्या पांडूने चेंडू तिरका बाजूला मारला आणि समोरच्याला वळसा घालून पळाला. पळाला आणि थांबला. चेंडू परत यायचा होता, तो आलाच नाही. रेघ ओलांडून सरळ निघून गेला. तिथे बांध नव्हता.

बरं, एकदा कळलं ना? पण हात ऐकतात कुठे! अंगात मुरलेलं. पोरं दर खेपेला बाजूला मारायची आणि रिकाम्या जागेकडे बघत उभी राहायची. मध्ये थांबून मामांनी सांगितलं, दटावलं, पुन्हा तेच. बघणारे आधी गोंधळले, मग हसायला लागले. चेंडू बाहेर गेला की टाळ्या वाजवायला लागले. पांडूचा चेहरा मला बघवेना. हा पांडू मुकणे, डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावरचा, आमच्या अख्ख्या लीगमधला सगळ्यात हुशार खेळाडू.

येताना टेम्पोत पोरांनी स्टिका गोणीत परत कोंबल्या. मामा चक्क जागे होते. मला म्हणाले, "पोरं नाय चुकली. मीच गाढव. बांध फक्त आपल्याकडं असतो, ह्या पोरांना मी सांगायला पायजे होता."

दुसऱ्या वर्षी त्यांनी बांधाच्या आत राखेची रेघ मारून पाहिली. रेघेबाहेर गेला की बाहेर, शहरासारखं. दोन मॅच झाल्या. पोरं तोंडं पाडून खेळली. तिसऱ्या मॅचला मामांनी स्वतःच्या पायाने रेघ पुसली. "मरू दे. जिथं खेळायचाय तिथला खेळा," म्हणाले. मोठ्या स्पर्धेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

हे सगळं एकवेळ चाललं असतं. खरी मारामार वेळेची होती. आमच्या लीगचं वेळापत्रक दोन गोष्टी ठरवायच्या. भातकापणी संपली की लीग सुरू, आणि वीटभट्टीच्या मुकादमाची गाडी आली की लीग संपली. दिवाळी होते न होते तोच गाड्या पाड्यांवर येतात. स्वतःची जमीन नसलेली घरं भांडीकुंडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन भिवंडी-कल्याणच्या बाजूला भट्ट्यांवर जातात, ती आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, तोंडावर परततात. डोळखांबचा संघ म्हणजे जवळजवळ सगळा याच घरांतला.

म्हणजे बघा, दरवर्षी तीच कथा. डोळखांब सगळ्यांना हरवत हरवत फायनलला यायचा आणि फायनलच्या दिवशी त्यांचे तिघं-चौघंच उभे. बाकीचे गाडीत बसून गेलेले. मामा जीव तोडून तारखा अलीकडे ओढायचे, तर कुणाच्या खाचरात भात उभं. मालक म्हणे वाल पेरायचेत, खाचर लवकर सोडा. आणि मुकादम काय मामांना विचारून गाडी आणणार होता?

एकदा फायनलला समोर वाशिंद होता आणि डोळखांबचे चौघंच आले, घरचे भट्टीवर गेल्यावर आजीआजोबांपाशी मागे राहिलेले. मामा वाशिंदच्या पोरांना म्हणाले, "तुमच्यातले तिघं बाहेर काढा. चौघांशी चौघं." पोरं तयार होती. पण पांडू पुढे आला.

"नको मामा. त्यांना सगळ्यांना खेळू द्या."

"अरे, हरशील."

"तसा पन चौघांनी जिंकलो तर काय, घरची कुठं हायती बघायला?"

हरले. चौघं शेवटपर्यंत पळाले आणि हरले. मी मामांकडे पाहिलं, ते बांधावर बसून बूट काढत होते, विनाकारण. "बाई," म्हणाले, "एकदा मला ह्यांचे पुरे सात फायनलला उभे बघायचेत. मंग मी मोकळा. मंग मी घरी जाऊन झोपतो."

यानंतर ते दरवर्षी म्हणायचे की हे शेवटचं वर्ष. आणि दरवर्षी सात काही भरायचे नाहीत, म्हणून पुढचं वर्ष यायचं. मामा निवृत्त झाले, रात्रपाळी सुटली, तरी झोप तशीच. पाय सुजायला लागले, स्कूटर मुलाने काढून घेतली. मग एसटीने यायचे, गोणी टपावर टाकून. मी एकदा चिडून म्हणाले, "मामा, पुरे आता. तुम्ही दमलात, मी दमले, लीगसुद्धा दमलीय." तर म्हणाले, "हो ना. चला."

त्या शेवटच्या वर्षी फायनल मुरबाड आणि डोळखांब, म्हणजे माझ्याच पोरांची. आणि फायनलच्या आधी दोन दिवस पाड्यावरून सगळेच गेले. पांडूसुद्धा. तो त्या वर्षी सोळाला टेकलेला. पुढच्या वर्षी लीगमध्ये बसणार नव्हता. मी मामांना फोन केला, म्हटलं, कप आमच्याकडे ठेवून टाकते, विषय संपला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. वाटलं झोपले. मग आवाज आला, "बाई, टेम्पो सांगा. त्यांना येता येत नाय ना? आपन जाऊ."

सुजलेले पाय घेऊन मामा भट्ट्या हिंडले. सातही जण एकाच भट्टीवर नव्हते. शेजारी शेजारी दोन भट्ट्यांवर विखुरलेले, मातीचा खड्डा मात्र दोन्हींचा एकच. मालकाला काय सांगितलं, मुकादमाला कसं पटवलं, देव जाणे. मुकादमाने एवढंच कबूल केलं की मातीचा ट्रॅक्टर येईपर्यंत खेळा. ट्रॅक्टर आला की पोरं कामाला.

आम्ही पोचलो तेव्हा मामा विटा थापायच्या पटांगणाच्या कडेला, भाजताना वाकड्या झालेल्या विटांच्या ढिगाजवळ उभे होते. पटांगण सपाट, चोपलेलं. पण मोकळं. चारी बाजूंना काही नाही. पांडू इकडेतिकडे बघत म्हणाला, "मामा, बांध?"

मामा काही बोलायच्या आधी पांडूची आई उठली. तिने ढिगातल्या दोन विटा उचलल्या आणि कडेला मांडल्या. मग दुसरी बाई उठली. मग सगळ्याच. कुणी सांगितलं नव्हतं. जन्मात फायनल न पाहिलेल्या बायका, पण पोरं घरी येऊन काय बोलतात ते ऐकलेलं असणार. बघता बघता गुडघाभर विटांचा बांध पटांगणाभोवती उभा राहिला. राखेला तर तिथे तोटाच नव्हता. मामांनी वाकून रेघा मारल्या, आणि कुणालाही मारू दिल्या नाहीत.

मग ते मधल्या रेघेवर गेले आणि डोळखांबच्या पोरांकडे बोट करून मोजायला लागले. सात झाले. परत मोजले. माझ्याकडे वळून बघितलं आणि मान हलवली. मला एकदम रडू आलं, आणि रागही आला की सात पोरं एका जागी उभी करायला एवढा आटापिटा करावा लागतो.

मॅच काय सुंदर झाली म्हणून सांगू! मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोरांना विसरून बघितली. पांडूने चेंडू तिरका विटांवर मारला. मातीच्या बांधापेक्षा विटेवरून तो दुप्पट जोरात परत आला. आमची पोरं अवाक आणि पांडू पलीकडे पोचलेला. गोल! बायका ओरडल्या, भट्टीवर चढलेले बाप वरून ओरडले. मामा पूर्ण जागे होते. तेवढ्या वेळात एकदाही डोळा मिटला नाही, मी साक्षीदार आहे.

हाफटाइमची शिट्टी झाली आणि पोरं पाणी प्यायली न प्यायली तोच ट्रॅक्टर आला.

"चला रे, झाला खेळ!" मुकादम ओरडला. पोरांनी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "जा. हाफटाइम हाय. काम आटपा नि या." सातही जण स्टिका विटांच्या बांधाला टेकवून मातीच्या खड्ड्यात उतरले.

एक ट्रॅक्टर रिकामा झाला तर मागून दुसरा आला. आमचा टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला, त्याला दुसरं भाडं होतं. मी मामांना म्हटलं, "मामा, निघायला हवं. एक शून्य. डोळखांब जिंकला असं जाहीर करा, कप द्या त्यांना."

"हाफटाइमला कप कोन देतो, बाई?"

"अहो, पण कधी संपणार हाफटाइम?"

"ती येतील तेव्हा. तुमी जा पोरांना घेऊन. दुसरा हाफ राहिला तर पुढच्या खेपेला घेऊ." आणि विटांच्या बांधावर पाठ टेकून बसले. "दमलोय," म्हणाले. या वेळी पुढे "चला" नव्हतं.

पुढची खेप आली नाही. आवणीच्या दिवसांत मामा गेले. मी मामींना भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "झोपेतच गेले. नवीन काय केला त्यांनी?" आणि मग पदर तोंडाला लावून खूप रडल्या. कप माझ्या कपाटावर आहे. तो कुणाला द्यायचा, मला कळत नाही. लीग मी चालवावी असं सगळे म्हणतात. मी दमलेय, खरंच दमलेय. पण भात पिवळं पडायला लागलं की लक्ष लागत नाही, हेही खरं.

त्या दिवशी पोरांना टेम्पोत बसवून मी मामांना उठवायला परत गेले. वाटलं, म्हाताऱ्या माणसाला उन्हात असं सोडून जायचं कसं. ते गाढ झोपले होते, शिट्टी तोंडात, आणि श्वासाबरोबर ती वाजत होती, बारीक, थांबून थांबून. खाली खड्ड्यात ती वाजली की सात माना वर व्हायच्या, मामा झोपलेत असं बघून पुन्हा खाली जायच्या. परत वाजली की परत वर. मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

"बाई," खालून पांडू म्हणाला. कोपरापर्यंत चिखल, कपाळावर चिखल. "नका उठवू. वाजू द्या."

मी हात काढून घेतला आणि टेम्पोत जाऊन बसले.